स्तनातील सिस्टच्या द्रवातली प्रथिने: मोजमाप आणि अर्थ

स्तनातील पाण्याच्या गाठीतून, म्हणजे सिस्टमधून, सुईने काढलेल्या द्रवात एकूण प्रथिन किती, हे सांगणे अवघड नाही. ब्रॅडफोर्ड यांच्या १९७६ सालच्या पद्धतीत कुमासी ब्लू रंग मिसळून निळेपणा मोजतात. पण हा रंग सर्व प्रथिनांना सारखा चिकटत नाही. साखरेच्या साखळ्या असलेल्या प्रथिनांना तो कमी धरतो, आणि सिस्टच्या द्रवात नेमकी तशीच प्रथिने विपुल असतात. म्हणून खरा प्रश्न किती प्रथिन हा नसून ते कुठून आले, हा आहे.

त्याचे उत्तर इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विद्युत्क्षेत्रात प्रथिने वेगळी करून, मिळते. हागेनसेन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या द्रवातली मुख्य प्रथिने वेगळी केली. किलोडाल्टनमधल्या वजनावरून त्यांना १५, २४, ४४ आणि ७० हे क्रमांक मिळाले. ७० म्हणजे रक्तातून झिरपलेले अल्ब्युमिन. ४४ हे झिंक-अल्फा-२-ग्लायकोप्रोटीन, तर २४ हे प्रोजेस्टेरॉनला धरून ठेवणारे अपोलिपोप्रोटीन-डी. १५ क्रमांकाचे प्रथिन अस्तराच्या पेशी स्वतः स्रवतात आणि अँड्रोजेनमुळे त्याची निर्मिती वाढते. रक्तात ते नॅनोग्रॅममध्ये, सिस्टमध्ये मात्र मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या घरात असते. एवढ्या फरकामुळे नमुना पुरेसा पातळ केला नाही, तर प्रतिपिंडांनी प्रथिन पकडून मोजणाऱ्या सँडविच एलायझा चाचणीत प्रतिपिंडे अपुरी पडतात आणि भरपूर प्रथिन असूनही वाचन कमी येते. त्यामुळे एकच नमुना निरनिराळ्या प्रमाणांत पातळ करून तपासणे मला अनिवार्य वाटते.

प्रथिनांबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही मोजावे. पोटॅशियम जास्त व सोडियम कमी असेल, तर अस्तर बहुधा घर्मग्रंथीसारख्या अपोक्राइन पेशींचे असते. उलट असेल तर अस्तर चपटे, द्रव रक्तद्रवासारखा आणि अल्ब्युमिनचा वाटा मोठा. एकाच स्त्रीच्या दोन गाठी वेगळ्या प्रकारच्या असू शकतात, तेव्हा द्रव एकत्र करू नये.

उपचाराच्या निर्णयासाठी मात्र या आकड्यांची गरज नाही. द्रव रक्तमिश्रित नसेल आणि गाठ पूर्ण विरली, तर सहसा पेशीतपासणीही लागत नाही. द्रवात रक्त असेल किंवा गाठ उरली, तर पुढची तपासणी टाळू नये. १५ क्रमांकाच्या प्रथिनाचा मोठा उपयोग पुढे पॅथॉलॉजीत झाला: शरीरात अन्यत्र सापडलेला कर्करोग मूळ स्तनाचा आहे का, हे ओळखण्यासाठी ऊतींच्या स्लाइडवर ते शोधले जाते.