पुरणाचा गहू

सणाच्या जेवणाचा इतिहास लिहिणारे बहुधा पदार्थांची नावे देतात. मला तो कणगीपाशी सुरू होताना दिसतो. जालना, अंबड, परतूरकडच्या कोरडवाहू घरांत रोजची भाकरी ज्वारीची. गहू सणासाठी राखलेला. म्हणून पोळ्याचे जेवण उन्हाळ्यातच ठरू लागे. गहू भिजवून, चीक काढून कुरडया तेव्हाच वाळत. श्रावणी अमावास्येला फक्त तळायच्या.

पाने किती, यावर डाळ ठरे. लेकी-जावई आले, सालगड्याचे घर जेवायला धरले, की शिजल्या डाळीचे पाणी कामाला येई. त्या येळवणीची आमटी ऐनवेळी वाढवता येते. पुरण येत नाही. घरधनिणीची अब्रू या पातळ आमटीने कितीदा राखली असेल! पाककृतींच्या पुस्तकांत मात्र ती पुरणपोळीच्या शेपटाला बांधलेली.

पोळ्याला आधी घास बैलाचा. 1972 च्या दुष्काळात अनेकांनी जनावरे विकली आणि माणसे खडी फोडायला गेली. घरात मिलो ही परदेशी लाल ज्वारी आली, कामावर सुकडी मिळाली. बैल नसलेल्या घरी मातीचे बैल पुजण्याची रीत आपल्याकडे आहेच. तिचा अर्थ अशा वर्षी कळतो.

1976 मध्ये जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगीकडे पाणी नेले. इतरत्र रेशनचा गहू पोचला. पोळी रोजची झाली. आता पाहुण्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी थापतात.