न सुकणारा रंग

मागच्या वेळी आपण १९७३ च्या ‘सुपरपेंट’पाशी थांबलो होतो. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी पडद्यावर रंग आणला, पण कागद आणला नव्हता. तो १९९१ मध्ये आला. मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांचा ‘पेंटर’ चक्क रंगाच्या डब्यात घालून विकला जाई! त्यात कोळसा कागदाच्या खरबरीतपणावर अडकायचा. पुढे ओले जलरंगही आले.

आता बघा, खऱ्या जलरंगात चेहरा रंगवणाऱ्याला गालावरचा रंग सुकेपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यात तो समोरच्या माणसाकडे पुन्हा पाहतो. इथे एका आज्ञेसरशी रंग सुकतो, रेघ पुसते. हाताची भीती गेली, हे चांगलंच झालं. पण पाहण्याची सक्तीही गेली. ती शिकणाऱ्याने आपणहून स्वतःवर घालून घ्यावी, असं आम्हांला वाटतं.