निजामाच्या राज्यांतील पांखरांची खानेसुमारी

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, आणि जालना यांच्या दरम्यान करमाड हें स्थानक लागतें. लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी येथें उतरत नाहीं. काळें शिवार, मुरमाड माळ, बाभळी, बोरी आणि पावसाळ्यांत गवत, एवढेंच त्याला खिडकींतून दिसतें. अशा माळाला सरकारी दप्तरांत 'पडीक' हें नांव मिळतें. तरीहि या मुलखाच्या पांखरांची रीतसर नोंद झालेली आहे; आणि ती ज्या गृहस्थानें केली, त्याला त्या वेळीं नोकरीसुद्धां नव्हती.

सालिम अली यांचा जन्म १८९६ सालीं मुंबईंत झाला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें ते प्रेक्षकांना प्राणिविभाग समजावून देत. पुढें बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखालीं शिकून १९३० सालीं ते परतले, तों द्रव्याच्या टंचाईमुळें ती जागाच मोडलेली! मग त्यांनीं अलिबागेजवळ किहीम येथें बिऱ्हाड केलें आणि सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांपुढें तासन् तास ठाण मांडलें. नर घरटें अर्धें विणतो, मादीनें तें पसंत केलें म्हणजे पुरें करतो, आणि लागलीच दुसरीसाठीं दुसरें विणावयास घेतो, हें त्यांनीं तेथें पाहिलें. आपल्या भाषेनें ज्या कारागिराला गृहिणीचें नांव दिलें, तो असा बहुपत्नीक नर निघावा, ही मौजच म्हणावयाची.

तथापि निरीक्षणानें घर चालत नाहीं. तेव्हां त्यांनीं एक योजना काढली: संस्थानांनीं तळाचा व प्रवासाचा खर्च सोसावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करूं. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विद्यमानें १९३१-३२ सालीं हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. सुमारें ८२ हजार चौरस मैलांचें तें राज्य. औरंगाबाद जिल्हा, आणि अर्थातच करमाडचा माळ, त्यांतच मोडे. पत्नी तेहमिना तळावर बरोबर असत. वृत्तांत १९३३-३४ मध्यें सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कातड्यांची तपासणी व नामनिर्णय यांत इंग्लंडांतील ह्यू व्हिस्लर या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचें साहाय्य होतें.

या कामांत बंदूक होती, हें झांकण्याचें कारण नाहीं. त्या काळीं हातांत नमुना असल्यावांचून नांव ठरत नसे. पण निराळेपण बंदुकींत नव्हतें. शंभर वर्षांपूर्वींच जेर्डन नांवाचा लष्करी वैद्य जालन्याच्या छावणींत राहून पक्ष्यांची यादी करीत होता. सालिम अलींनीं नांवापाशीं न थांबतां पक्षी कोणत्या रानांत व कोणत्या ऋतूंत आढळला, काय खात होता, विणीच्या कोणत्या अवस्थेंत होता, तें लिहिलें. खानेसुमारी हा शब्द मी सैल वापरला आहे. डोकीं मोजलीं गेलीं नव्हतीं. मोजण्याहून अवघड असें हें काम होतें, असें माझें मत आहे.

त्याचें महत्त्व माळरानापुरतें तर फारच. जंगल तोडलेलें दिसतें. माळ नाहींसा झाला तर सुधारणा झाली, असें वाटतें. माळढोक हा दख्खनच्या माळाचा भारदस्त पक्षी. उघड्या जमिनीवर मादी बहुधा एकच अंडें घालते आणि सुमारें २७ दिवस उबवते. तेवढ्यांत एक कुत्रें किंवा मेंढरांचा एक कळप पुरतो. मोराऐवजीं हाच राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा सालिम अलींचा आग्रह होता; पण १९६३ सालीं मोर ठरला. पुढें १९८० नंतर त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं सोसायटीचे असद रहमानी यांनीं सोलापूरजवळील नान्नज येथें माळढोकाचा अभ्यास केला. विणीला निर्धास्त गवत आणि चरावयास भोंवतालीं टोळ-किड्यांनीं भरलेलें कोरडवाहू शिवार, अशीं दोन्हीं त्याला लागतात. परंतु अभयारण्य आंखलें गेलें होतें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें! त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच आलें, आणि शेतकऱ्याला पक्षी वैरी वाटूं लागला. पुढें तें क्षेत्र पुष्कळ घटवावें लागलें. आज देशभरांत माळढोक दीडशेच्या आंतबाहेर उरले आहेत, तेहि मुख्यतः राजस्थानांत.

करमाडच्या बाजूस शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि २०१९ सालीं उद्घाटन झालेलें ऑरिक नगर पसरत आहे. कारखाने नकोत, असें करमाडकर म्हणणार नाहींत. मीहि म्हणत नाहीं. मात्र उरलेल्या माळावर 'पडीक' असा शेरा मारण्यापूर्वीं तेथें कोण वीण करतें, हें एका पावसाळ्यांत जाऊन पाहतां येईल. त्याची पद्धत १९३१ सालींच घालून दिलेली आहे, आणि आतां तिला बंदूकहि लागत नाहीं.