बाबूजींचा रेझर आणि ब्रशचे केस



दिवाळीच्या साफसफाईत बाबूजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पत्र्याची डबी निघाली. आत दाढीचा जुना रेझर, ब्रश आणि ब्लेडचे दोन-चार कागद. आपल्या जालन्यात स्टीलच्या भट्ट्यांना भंगार लागतंच, तेव्हा मी डबी भंगाराच्या पिशवीत टाकतच होते. तेवढ्यात नातू म्हणाला, "आजी, मला दे, मी वापरीन."

बाबूजी सांगायचे, त्यांच्या लहानपणी घरात रेझर नव्हताच. न्हावी ठरलेल्या दिवशी ओट्यावर यायचा. खेड्यात तो बलुतेदार, सुगीला त्याला धान्य मिळायचं. वस्तरा त्याचा, धारही त्याचीच. घरच्या घरी रोज दाढी करणं ही अलीकडची गोष्ट आहे.

ती आणली अमेरिकेतल्या किंग जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याने. वस्तऱ्याला धार लावत बसण्यापेक्षा पातळ पातं वापरावं आणि बोथट झालं की फेकावं, ही त्याची कल्पना. 1901 मध्ये कंपनी निघाली. 1903 मध्ये विकले गेले फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेड. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा 90 हजारांवर गेला. 1918 मध्ये अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर घेतले. युद्धावरून परतलेल्या जवानांना घरी दाढी करायची सवय लागली होती.

मी कॉमर्सची, म्हणून मला यातला हिशोब आवडला. सुरुवातीला रेझर 5 डॉलरला, म्हणजे महागच होता. 1921 मध्ये पेटंट संपलं, बाकीचेही तसेच रेझर बनवू लागले, तेव्हा भाव उतरले. रेझर एकदाच विकला जातो, ब्लेड मात्र जन्मभर. पुढे आपल्याकडेही ब्लेड बनू लागली. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स तुमच्याही घरी आलं असेल. आधीची ब्लेड साध्या पोलादाची, लगेच गंजायची. 1960 च्या दशकात स्टेनलेसची आली आणि ती अडचण गेली. जुन्या ब्लेडने आपण शिलाई उसवायचो, आठवतं ना?

आता रेझरची सफाई. त्याचे तीन भाग सुटे होतात: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. ब्लेड आधी काढून घ्या. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून अर्धा तास भिजवा, मग जुन्या टूथब्रशने दांड्याच्या आट्यांमधला साबणाचा थर काढा. माझी चूक सांगते. आत पितळ दिसलं म्हणून मी टोपीला चिंच लावून खसखसून घासली, देवघरातल्या समईसारखी. वरचा निकेलचा मुलामा तेवढ्या जागी निघून गेला. मुलामा पातळ असतो, त्याला चिंच, राख, लिंबू, घासणी काही नको. पुसून कोरडा करायचा, बस.

खरी गोष्ट ब्रशची. दांड्यावर इंग्रजीत "प्युअर ब्रिसल" लिहिलेलं होतं. इतकी वर्षं मी तो ब्रश धुतला, वाळवला, आणि शुद्ध म्हणजे चांगलाच असेल असं समजले. या व्यापारात ब्रिसल म्हणजे डुकराचे राठ केस. चीनमधून ते जगभर जायचे. महागडे मऊ ब्रश बॅजर या जनावराच्या केसांचे, काही घोड्याच्या केसांचे. पहिल्या महायुद्धात घाईघाईने बनवलेल्या, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे सैनिकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. काही जण दगावले. 1920 मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशची आयात बंद केली.

माझे बाबूजी रेशीम अंगाला लावत नसत, चामड्याचा पट्टा वापरत नसत. आणि रोज सकाळी, सामायिकाला बसण्याआधी, हा ब्रश गालावरून फिरवत होते. त्यांना कोणी सांगितलं नाही, मलाही नाही. मी यांना सांगितलं तर हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माहीत असतं तर त्यांनी त्याच दिवशी सोडला असता." ते खरं आहे. पण आता आपल्याला कळलंय, तेव्हा जबाबदारी आपली.

नवा ब्रश घेताना "नायलॉन" किंवा "सिंथेटिक" लिहिलेलं बघा. स्वस्तातला असला तरी चालतो, उलट लवकर वाळतो. नुसतं "नॅचरल" किंवा "ब्रिसल" असेल तर ठेवून द्या. दुकानदाराला नेहमीच माहीत असतं असं नाही, मला तर एकाने "सगळे सारखेच" म्हणून सांगितलं. शंका असेल तर गळालेला एक केस चिमट्यात धरून जाळा, आपण लोकर ओळखतो तसा. जनावराचा असेल तर जळक्या केसाचा वास येतो आणि चुरा होतो. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. बाबूजींच्या ब्रशचा चुरा झाला.

रेझर नातवाकडे गेला, टोपीवरच्या पितळी डागासकट. ब्रश नवा नायलॉनचा आणला. घरातला रंगाचा, पेस्ट्रीचा, कपड्यांचा ब्रशही एकदा बघून घ्या. अजाणता झालं त्याबद्दल बाबूजींच्या आणि माझ्या वतीने मिच्छामि दुक्कडम.