मुकादमाची वही आणि डॉक्टरांची वही



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी विद्वान नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी, लेबर ऑफिसच्या बाकावर आणि तालुक्याच्या वाचनालयात. आयुष्यातील तीस वर्षे ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेली. तेव्हा मला जे ठाऊक आहे तेच सांगतो. हे दिवस पट्टा पडून टोळ्या गावी परतण्याचे आहेत. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी कोयता खाली ठेवून पंधरा दिवसही झाले नसतील. आजचा विषय त्यांचाच आहे, आणि विशेषतः त्यांच्या घरच्या लक्ष्मीचा आहे.

विषय दोन वह्यांचा आहे. पहिली वही मुकादमाची. ती तुम्ही सारे ओळखता. उसाच्या फडात माणसाची गणती माणसाने होत नाही, कोयत्याने होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, तोडीचा हिशेब कोयत्यावर, फिटले किती आणि राहिले किती तेही कोयत्यावर. बाईचे नाव त्या वहीत बहुधा नसतेच. दुखण्यापाखण्याने एक दिवस घरी राहिले की ‘खाडा’ म्हणून रक्कम मांडली जाते, ती मात्र चुकत नाही. दुखणे कोणते होते, ताप होता की पोट दुखत होते, बाई किती महिन्यांची गरोदर होती, यासाठी वहीत रकाना नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, रात्री पाचटावर उभारलेल्या कोपीत पाठ टेकायची. न्हाणी नाही, संडास नाही. एवढे सारे त्या वहीत ‘एक कोयता’ या दोन शब्दांत मावते.

कामगाराचे दुखणे हिशेबात धरावे ही मागणी काही आजची नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या पोटाची सोय व्हावी. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडले. बाकीच्या मागण्यांना पुष्कळ वर्षे लागली. लोखंडे स्वतः १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, प्लेगनेच गेले.

पुढे १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. एका चाळीत पंधरा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे राहताना आढळली. जमिनीवर सहा चुली होत्या आणि लहानमोठी मिळून माणसे तीस. कामावर जाणाऱ्या आयांच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू चारली जात होती. हे आकडे कागदावर आले म्हणून कायदेमंडळात त्यांवर बोलता आले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. आधी गाऱ्हाणे, मग मोजणी, मग कायदा, असा हा क्रम आहे. मधली पायरी गाळून वर चढलेला कामगार मी तरी वाचलेला नाही.

१९४४ साली प्राध्यापक अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ च्या एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला. त्या वेळी आपले भूम निजामाच्या राज्यात होते. पोलीस कारवाई व्हायला अजून पाच महिने होते. पण निजाम गेल्यावरही तो कायदा आपल्या कामाला आला नाही. त्यात हंगामी कारखान्यांना वगळलेले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर व गूळ ही नावे स्पष्ट लिहिलेली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही विम्याच्या बाबतीत हंगामी कारखाना बाजूलाच ठेवला. ऊस तोडणारा तर त्या कारखान्याच्याही गेटाबाहेरचा. कारखाना म्हणतो, हा आमचा नोकर नाही, मुकादमाचा माणूस आहे. मुकादम म्हणतो, मी तर मधला दुवा. असा हा बिनधन्याचा कामगार.

आता दुसऱ्या वहीकडे वळतो. ती डॉक्टरांची वही. तिच्या निम्म्या पानांवर आपल्याच गावांची नावे आहेत, हे भूममध्ये फार थोड्यांना माहीत असेल.

१९८७ साली बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात एक नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत ज्याला ज्याला कर्करोग होईल त्याची नोंद ठेवायची, असे ते काम. भारतातील खेड्यांची ही पहिली कर्करोग नोंदणी. शहरात असे काम सोपे असते. रोगी इस्पितळात येतो, कारकून कागद पाहून नोंद करतो. खेड्यातला रोगी इस्पितळात पोहोचतच नाही. तो गावात दुखणे काढतो, देवऋषी पाहतो आणि गावातच जातो. त्याच्या मरणाचे कारण कोणत्याच कागदावर येत नाही. म्हणून बार्शीच्या मंडळींनी उलट रीत धरली. त्यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. चावडीवर, अंगणात बसून लोकांना लक्षणे सांगू लागले, कुणाला शंका आली तर त्याला बार्शीला नेऊन तपासू लागले. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातील मोठी नावे.

या नोंदीतून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, आपल्या भागातील बायकांना सर्वांत जास्त होणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा होता. दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. कार्यकर्ते नुसते बोलत होते, तपासणीची मोहीम अजून सुरूही झाली नव्हती, तरी काही वर्षांत बायका रोगाच्या अलीकडच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या. अंगावरून जाते, मध्येच रक्त दिसते, हे सांगायला लाजणारी बाई, कुणीतरी शांतपणे समजावून सांगताच, सांगू लागली. आमच्या बायका अडाणी आहेत म्हणून उपचार घेत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी.

याच पायावर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक फार मोठा प्रयोग उभा राहिला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. लिऑंच्या संस्थेचे डॉ. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भाग पाडले. एका भागात एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागातील बायकांना नेहमीची सरकारी सेवा, आणि तपासणी कोठे होते याची माहिती.

या रोगाची चाल समजून घेतली पाहिजे. हा विषाणू शरीरात शिरला तरी बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. जिच्यात तो ठाण मांडून बसतो तिच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि कर्करोग व्हायला दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात. एवढा मोठा अवधी दुसरे रोग क्वचितच देतात. त्या काळात बिघाड सापडला तर थोड्या उपचाराने भागते. पिशवी काढावी लागत नाही.

आठ वर्षे या बायकांवर लक्ष ठेवून २००९ साली निष्कर्ष अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. चौथ्या, तपासणी न झालेल्या भागातील ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या रोगाने मेल्या. विषाणूची चाचणी झालेल्या भागात ३४,१२६ बायकांपैकी ३४. म्हणजे एकदाच केलेल्या एका चाचणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन तपासण्यांनी या प्रयोगात तसा ठळक फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जगभर हीच विषाणूची चाचणी आधी वापरावी अशी शिफारस केली. त्यामागच्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्यातील बायकांचा वाटा मोठा आहे.

या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चौथ्या भागातील बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा आक्षेप अमेरिकेतील काही डॉक्टरांनी घेतला. संशोधकांचे म्हणणे असे की खेड्यात तपासणी कोठेच होत नव्हती, तेव्हा तिथल्या बायकांकडून काहीही काढून घेतले नाही. दोन्ही बाजू मी वाचल्या. निवाडा करण्याइतके माझे ज्ञान नाही. पण संघटनेच्या माणसाला हिशेब कळतो. ज्या बायकांच्या आयुष्यावरून जगाने शहाणपण घेतले, त्यांच्या लेकीसुनांना त्या शहाणपणाचे फळ मिळेपर्यंत हे खाते बंद झाले असे मी म्हणणार नाही.

आणि फळ मिळाले काय? बालाघाटाच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात, २०१९ साली काय उघडकीस आले ते आठवा. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांत सुमारे एक. ऐन तिशी-चाळिशीतल्या बायका. पुढे २०२३ साली अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे साऱ्या राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला.

लोक म्हणाले, खाडा पडू नये म्हणून बायका पिशवी काढतात. ते खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या टोळीतल्या एका बाईच्या अंगावरून पांढरे जात होते. घाणीत राहून, पाणी न मिळून होणारे साधे दुखणे. एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात तिला सांगितले, पिशवीला गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. चाचणी कोणतीही केली नाही. नवऱ्याने मुकादमाकडून आणखी उचल घेतली, आणि आठ दिवसांत पिशवी निघाली. त्या बाईचे वय एकतीस होते. पुढच्या हंगामात तिची कंबर धरली, हाडे दुखू लागली, आणि वाढलेली उचल फेडायला ती पुन्हा फडात उभी राहिली. त्या वेळी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलेला मीच होतो. कागद पाहावा, चाचणी मागावी, हे मला सुचले नाही. बार्शीची नोंदणी माझ्याच तालुक्यात चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. ही माझी चूक मी येथे उभा राहून कबूल करतो.

कॅन्सरचा खरा धोका कोणाला आहे हे आधी सांगू शकणारी चाचणी ज्या मातीत सिद्ध झाली, त्याच मातीला लागून कॅन्सरची नुसती भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या. ज्ञान बार्शीहून लिऑंला गेले आणि तेथून जिनिव्हाला. भूमच्या कोपीत मात्र ते पोहोचले नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी दोघींचीदेखील ही तपासणी कधी झालेली आढळली नाही. डॉक्टरांच्या वहीत जे लिहिले गेले ते मुकादमाच्या वहीत कोणी उतरवले नाही, आणि बाई जगते ती मुकादमाच्या वहीवर.

म्हणून संघटनेच्या वतीने माझे मागणे थोडे आहे. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात. त्याआधी तालुक्यात तिशीच्या पुढच्या प्रत्येक ऊसतोड बाईची एकदा विषाणूची चाचणी व्हावी, आणि दोष निघेल तिचा उपचार गाडी निघण्यापूर्वी व्हावा. कार्ड तिच्या हातात असावे, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या खिशात नको. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा दिवस खाडा धरू नये. पिशवी काढायला कोणी सांगितले तर सरकारी दवाखान्यात दुसरे मत घेतल्याखेरीज सही करू नये. ही शेवटची गोष्ट तर कायद्याची वाट न पाहता आजच्या आज आपल्या हातात आहे.

साडेपाच हजार सह्यांचा लोखंड्यांचा अर्ज अक्षरओळख नसलेल्या माणसांनी अंगठे उठवून पुरा केला असेल. आपण त्यांच्याहून अधिक शिकलेलो आहोत. यंदा आमच्या संघटनेने टोळीची नोंद करताना नवी वही घातली आहे. तिच्यात कोयत्याचे दोन भाग केले आहेत. नवऱ्याचे नाव वेगळे, बायकोचे वेगळे, आणि तिच्या नावापुढे तपासणीचा एक रकाना. तो आज कोरा आहे. व्याख्यान संपल्यावर वही बाहेर टेबलावर ठेवतो. बायांनी आपले नाव स्वतः सांगून लिहून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.