गव्हातील तण आणि तणनाशके : हरियाणाची हकिगत



रब्बीत गव्हाच्या तणांचा विषय रेडिओवर निघाला, की श्रोत्यांची पत्रं येतात ती बहुतेक एकाच प्रश्नाची. कोणतं औषध मारू? प्रश्न रास्त आहे. खुरपणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि 'तण खाई धन' हे सांगायला कृषी अधिकारी कशाला हवा? पण दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हेच औषध मी किती वर्षं मारतो आहे? हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही म्हणून उत्तरेत काय घडलं, त्याची हकिगत या पत्रकात देत आहोत.

उभ्या पिकातलं तण औषधानं मारायची कल्पना निघाली द्राक्षबागेतून. नाशिककडच्या मंडळींना हे ऐकायला आवडेल. १८९६ साली फ्रान्समध्ये बॉने नावाच्या गृहस्थांच्या लक्षात आलं, की वेलींवर मारलेलं बोर्डो मिश्रण खालच्या रानमोहरीवर पडलं तर तिची पानं काळी पडतात. मग नुसतं मोरचुदाचं पाणी धान्याच्या पिकात फवारून पाहिलं. रानमोहरी मेली, पीक वाचलं. कारण साधं आहे. धान्याचं पान अरुंद, उभं, गुळगुळीत. त्यावरून थेंब घरंगळतो. मोहरीच्या पसरट खरबरीत पानावर तो बसून राहतो. पुढे काही वर्षं युरोपात याच कामाला पातळ केलेलं गंधकाम्लसुद्धा वापरलं गेलं. फवारणाऱ्याच्या कपड्यांचं आणि पंपाचं काय होत असेल ते विचारू नका!

खरा बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंड-अमेरिकेतले शास्त्रज्ञ वनस्पतींच्या वाढीच्या द्रव्यांवर काम करत होते, आणि त्यातलं बरंच काम युद्धामुळे गुप्त ठेवलेलं होतं. त्यातून २,४-डी हाती आलं. १९४४ साली अमेरिकेत ते ज्या तणावर चांगलं लागू पडल्याचं प्रसिद्ध झालं, ते तण आपल्या ओळखीचं आहे : चांदवेल, म्हणजेच हरणखुरी. हे औषध रुंद पानाच्या झाडाची वाढ वेडीवाकडी करून त्याला मारतं, गवताच्या कुळातल्या गव्हाला सोडून देतं. मात्र गव्हालाही ते केव्हाही चालतं असं नाही. फुटवे येण्याआधी घाईनं मारलं किंवा कांडी धरल्यावर उशिरा मारलं, तर ओंब्या वाकड्यातिकड्या निघतात.

आता हरियाणाकडे येऊ.

१९६६ साली भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही त्यातली नावं. पुढे कल्याणसोना, सोनालिका आले आणि पंजाब-हरियाणाची कोठारं भरली. जुना गहू कमरेच्या वर जायचा, खालच्या तणाला ऊन मिळू द्यायचा नाही. बुटका गहू तसा नव्हता. शिवाय त्याला भरपूर खत, भरपूर पाणी. त्यातला वाटा तणानंही घेतला. चाकवतासारख्या रुंद पानाच्या तणांना २,४-डीनं आवरलं, पण त्यामुळे रिकामी झालेली जागा एका गवतानं धरली. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. पंजाबात त्याला गुल्ली डंडा म्हणतात, हरियाणात मंडूसी. मेक्सिकोच्या बियाण्याबरोबर ते आलं अशी तिकडे समजूत आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वनस्पतींच्या नोंदींत हे गवत आहे. गवत जुनंच होतं, त्याला दिवस आले ते नव्या पद्धतीमुळे. खरिपात भात, रब्बीत गहू, पुन्हा भात. भाताच्या चिखलपाण्यात इतर बऱ्याच तणांचं बी कुजतं, मंडूसीचं टिकून राहतं.

हे गवत कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखं दिसतं. खुरपणारी बाई कितीही हुशार असो, ओंबी निघेपर्यंत फसते. जवळून पाहिलं तर मंडूसीचा बुंधा जमिनीलगत लालसर असतो, हीच काय ती खूण. अशा तणापुढे खुरपं चालत नाही. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या शेवटी आयसोप्रोट्युरॉन हे औषध आलं, तेव्हा शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. स्वस्त होतं आणि पहिल्या पाण्यानंतर फवारलं की गवत पिवळं पडून बसायचं. रुंद पानाची काही तणंही त्यातच जायची. पंप नसला तर कित्येकजण ते वाळूत किंवा युरियात कालवून फोकून टाकत. त्यानं कुठे जास्त पडायचं, कुठे कमी.

दहा-बारा वर्षं असंच चाललं. १९९० च्या दशकाच्या आरंभी तक्रारी सुरू झाल्या, की औषध मारूनही मंडूसी हिरवीच. पहिला संशय दुकानदारावर, भेसळीवर. दुसरा फवारणाऱ्यावर. यातलं थोडंफार खरंही असेल. पण हिसारच्या कृषी विद्यापीठातील डॉ. आर. के. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमधलं बी आणून तपासलं, तेव्हा उलगडा झाला. औषध चांगलं होतं, गवत बदललं होतं. ते मारायला पूर्वीच्या कितीतरी पट मात्रा लागत होती, आणि तेवढी मारली तर गहूही जायचा. आयसोप्रोट्युरॉन पानातलं अन्न तयार करण्याचं काम बंद पाडतं. गव्हाचं रोप ते औषध आपल्या अंगात फोडून निकामी करतं, म्हणून गहू तगतो. लाखो रोपांत असं करू शकणारी मंडूसीची थोडी रोपं आधीपासून असणार. औषधानं बाकीची मारली, ही उरली, आणि प्रत्येकीनं शेकडो बिया टाकल्या. दरवर्षी तेच औषध, तेच पीक, म्हणजे दरवर्षी तीच निवड. आपण बियाण्याची निवड करतो तशीच, फक्त उलटी.

त्या वर्षांत हरियाणा-पंजाबात मिळून सुमारे ८ ते १० लाख हेक्टरांवर हा त्रास पोचला. काही शेतांत गहू दिसेनासा झाला. खत, पाणी, मशागत सगळं घातलेलं ते पीक लोकांनी हिरवंच कापून जनावरांना घातलं. ज्यांनी अधूनमधून बरसीम, ऊस किंवा सूर्यफूल घेतलं होतं, त्यांच्याकडे हे संकट कमी होतं.

१९९७-९८ च्या सुमाराला क्लोडिनाफॉप, फेनॉक्झाप्रॉप, सल्फोसल्फुरॉन ही नवी औषधं आली आणि हायसं वाटलं. त्याच सुमारास भाताच्या धसकटांतच न नांगरता यंत्रानं गहू पेरायची पद्धतही पसरू लागली. माती हलली नाही की मंडूसी कमी उगवते, आणि पेरणीही लवकर उरकते. माझ्या मते टिकाऊ काम झालं ते या पेरणीनं, कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नव्या औषधांनाही दाद न देणारी मंडूसी निघालीच.

आपल्याकडे मंडूसीचा असा धुमाकूळ नाही. आपल्या गव्हात त्रास मुख्यतः चाकवत, चांदवेल अशा रुंद पानांच्या तणांचा. त्यावर २,४-डी किंवा मेटसल्फुरॉन मिथाईल चालतं. मेटसल्फुरॉनची मात्रा हेक्टरी फक्त ४ ग्रॅम क्रियाशील घटक इतकी बारीक आहे, तेव्हा अंदाजपंचे चिमूट टाकू नये. शेजारी द्राक्ष किंवा कापूस असेल तर वाऱ्यात २,४-डी मारूच नका, आणि तो पंप त्या पिकांना वापरू नका. उत्तरेकडचं गव्हाचं बियाणं आणलंत तर चाळून, पाहून पेरा. सल्फोसल्फुरॉन मारलेल्या रानात पाठोपाठ ज्वारी, मका घेऊ नये, ते पीक खुरटतं. दोन वर्षं गहू झाला की तिसऱ्या रब्बीत हरभरा घ्या. तिथे तण वेगळं आणि औषधही वेगळं.

फवारणीनंतर तीन आठवड्यांनी रानात एक फेरी मारा. सगळं तण मेलं आणि एकाच जातीची झाडं जागोजाग हिरवी उभी दिसली, तर ती ओंबी किंवा फुलं धरण्याआधी उपटा. बी धरलेलं असेल तर बांधावर फेकू नका, पोत्यात भरून रानाबाहेर न्या. आणि त्या वर्षी कोणतं औषध, किती आणि कोणत्या तारखेला मारलं, ते वहीत लिहून ठेवा.