फुलांच्या पाकातून आम्लाची ओळख

पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या वरणाच्या डागाला साबण लावला, की तो लाल होतो. ही घरोघरची गोष्ट. हळदीवर क्षारांची प्रक्रिया करून कुंकू करण्याची आपली जुनी पद्धतही अशाच रंगबदलावर आधारलेली आहे. परंतु रंग बदलतो हे ठाऊक असणे वेगळे आणि त्या बदलाची कसोटी बनवणे वेगळे. हा टप्पा कसा गाठला गेला, हे पाहण्यासाठी आपल्याला सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जावे लागेल.

रॉबर्ट बॉईल (१६२७–१६९१) आपल्याला वायूच्या नियमामुळे परिचित आहे. १६६४ साली त्याने रंगांविषयीच्या प्रयोगांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी व्हायोलेट फुलांचा निळा-जांभळा पाक औषध म्हणून वापरत. बॉईलने त्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. त्यात आम्ल मिसळताच तो लाल झाला; वनस्पतींच्या राखेतील क्षाराचे द्रावण मिसळताच हिरवा झाला. कागद का? तर रंग ठळक दिसतो आणि पदार्थ अगदी थोडा लागतो! साधनांची टंचाई असलेल्या आपल्या शाळांनी हे कारण जरूर लक्षात घ्यावे.

असे काही रंगबदल रंगाऱ्यांना आधीही माहीत होते. बॉईलने त्यांचा उपयोग पदार्थांचे गट पाडण्यासाठी केला. त्याची गरजही होती. सर्व पदार्थांचे गुणधर्म आम्ल आणि अल्कली या जोडीनेच उलगडता येतात, असे तेव्हाचे काही रसायनज्ञ मानत. १६७५ साली बॉईलने या मतावर टीका केली. आम्ल कशाला म्हणायचे हेच जर धड ठरलेले नाही, तर त्यावर सिद्धांत कसा उभारणार, असा त्याचा आक्षेप होता.

हाच वाद आपण वर्गात उभा करू. टीपकागदाला हळदीचे पाणी लावून तो वाळवा व पट्ट्या कापा. त्यांवर पाणी, मिठाचे पाणी, लिंबाचा रस, साबणाचे पाणी व चुन्याची निवळी यांचा एकेक थेंब टाका. (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये.) शेवटच्या दोन पट्ट्या लाल होतील, पहिल्या तीन पिवळ्याच राहतील. मग लिंबाचा रस आणि पाणी एकाच जातीचे काय? मुलांना इथे थोडे अडू द्यावे.

आता लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून अर्क काढा. लिंबाच्या रसाने तो लालबुंद होतो, निवळीने हिरवट. पाणी व मिठाने फारसा बदलत नाही. दोनाचे तीन गट झाले: आम्ल, आम्लारी आणि उदासीन. व्हायोलेटप्रमाणेच जास्वंदीतही अँथोसायनिन वर्गाची रंगद्रव्ये असतात. हळदीतील कुरकुमिन मात्र आम्लारी द्रावणातच लाल होते. म्हणजे ‘रंग बदलला नाही’ याचा अर्थ कोणता दर्शक वापरला, यावर अवलंबून असतो.

आता रिठ्याचे पाणी घ्या. त्याला फेस येतो, म्हणून साबणासारखी हळद लाल होईल, असे बहुतेक मुले म्हणतील. पण हळद लाल होत नाही! रिठ्याचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. फेस येतो तो त्यातील सॅपोनिनमुळे. वरवरच्या एका लक्षणावरून पदार्थाची जात ठरवू नये, हे बॉईलचे म्हणणे इथे स्वतःच्या हातांनी पटते.

पुढे १९०९ साली सोरेन्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने पीएच मापनश्रेणी मांडली आणि ‘किती आम्ल?’ याचे उत्तर आकड्यांत मिळू लागले. वर्गात मात्र आकड्यांची घाई नको. प्रत्येक थेंब टाकण्यापूर्वी मुलांनी आपला अंदाज वहीत लिहावा आणि चुकलेला अंदाज खोडू नये. पुढची चर्चा त्यावरूनच सुरू करता येते.